आऊसाहेबांच्या बिऱ्हाडामागे : सिंदखेड राजा ते पाचाड, सात दिवस

पुतळ्यातल्या जिजाऊ नेहमी एका जागी उभ्या असतात, शेजारी बाळ शिवबा. प्रत्यक्षात त्यांचं बिऱ्हाड आयुष्यभर हलत राहिलं. माहेर सिंदखेडचं, सासर वेरूळचं, बाळंतपण शिवनेरीवर, मग पुणे, बंगळूर, परत पुणे, पुढे राजगड, रायगड आणि शेवटी पाचाड. बंगळूर सोडलं तर बाकीचे मुक्काम जन्म ते समाधी अशा क्रमाने गाडीने सात दिवसांत होतात. दिवाळीनंतरचा पंधरवडा त्यासाठी उत्तम. तळ्यांत पाणी असतं, गडावरच्या वाटा वाळलेल्या असतात आणि ऊन अजून सोसवतं.

वार मात्र जपून निवडायचे. आम्ही रविवारी सुरुवात केली आणि ती चुकली. का, ते दुसऱ्या दिवशी कळेल.

पहिला दिवस, रविवार : सिंदखेड राजा

जालन्याहून मेहकरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात सिंदखेड राजा येतं. समृद्धी महामार्गावरूनही गावासाठी उतरता येतं, पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीवाल्यांनी जालन्याचाच रस्ता धरावा. वाटेत मोसंबीच्या बागा लागतात. पिशवीभर घेऊन ठेवा, पुढे गड चढताना उपयोगी पडतात.

लखुजीराजे जाधवरावांचा वाडा भर गावात, रस्त्याला लागूनच आहे. दरवाजाची उंची पाहिली की सरदारकीचा अंदाज येतो. खालचं बांधकाम दगडी, वर वीट. आत जन्मस्थानापाशी बहुतेक जण नमस्कार करून, फोटो काढून दहा मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नये. जोत्याच्या कडेने पूर्ण फेरी मारली तरच वाड्याचा पसारा ध्यानात येतो. इथे १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला, असं मानतात. आईचं नाव म्हाळसाबाई. १२ जानेवारीला इथे एवढी गर्दी लोटते की वाडा पाहणं होत नाही, फक्त माणसं पाहणं होतं. उत्सव अनुभवायचा असेल तर त्या दिवशी या, वास्तू बघायची असेल तर एरवी.

वाड्यानंतर लखुजीराजांची समाधी. लांबून मंदिरच वाटते, जवळ गेल्यावर तिच्या आकाराने माणूस गप्प होतो. याच समाधीच्या परिसरात २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची सुबक मूर्ती निघाली. ही समाधी का उभी राहिली ते इथेच समजून घ्यावं, म्हणजे उद्या देवगिरीला गेल्यावर पायाखालचा दगड वेगळा लागतो. २५ जुलै १६२९ ला निजामशहाच्या दरबारात लखुजीराजे, अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातू असे चौघे दगा करून मारले गेले. जिजाऊ तेव्हा नुकत्या गरोदर होत्या. शिवाजीराजे पुढच्या फेब्रुवारीतले.

दुपारी ऊन चढल्यावर रंगमहाल. रंगपंचमीला लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उधळत होते आणि लखुजीराजे सहज बोलून गेले की जोडा छान दिसतो, ही गोष्ट गावात कुणीही सांगतं. बखरीतली गोष्ट आहे, तिला तेवढंच वजन द्यावं.

संध्याकाळ मात्र मोती तलावासाठी राखून ठेवा. या गावाचं खरं नवल पाण्यात आहे. मोती तलावाच्या बांधाची भिंत नुसती भिंत नाही, तिच्यातच कमानींची दालनं काढलेली आहेत. चांदणी तलावात तर पाण्याच्या मधोमध मजल्यांची इमारत उभी आहे. शिवाय सजना बारव आणि पुतळा बारव, या पायऱ्यांच्या विहिरी. पुतळा बारवेच्या भिंतींवर मूर्तिकाम आहे, ते तिरक्या उन्हात उठून दिसतं. भरदुपारी सगळं सपाट होतं. पायऱ्यांवर शेवाळ असतं. चप्पल काढून उतरण्याऐवजी पकड असलेले बूट घालून उतरा आणि तळाच्या दोन-तीन पायऱ्या सोडून द्या. या बारवा पाहिल्यावर एक गोष्ट पक्की होते: जिजाऊ पाण्याची व्यवस्था नीट लावलेल्या घरातून आल्या होत्या. पुढच्या प्रत्येक मुक्कामी आम्ही आधी पाणी शोधलं.

रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कांदा. गावात मुक्कामाच्या सोयी बेताच्या आहेत. जालन्याला परतणं सोपं पडतं. एक दिवस हाताशी असेल तर लोणारचं सरोवर याच बाजूला आहे.

दुसरा दिवस, सोमवार : वेरूळ आणि देवगिरी

सोमवारी वेरूळ म्हणजे घृष्णेश्वराच्या रांगेत उभं राहणं. ज्योतिर्लिंग असल्यामुळे सोमवारी रांग मंदिराबाहेर दूरवर येते. मंगळवारी यावं तर लेणी बंद. रविवारी पर्यटक असतात, पण निदान दोन्ही उघडं असतं. म्हणून शनिवारी सिंदखेडहून सुरुवात करणं सगळ्यात सोयीचं. तसं केलं तर राजगड बुधवारी आणि पाचाड शुक्रवारी येतं, आणि गर्दीचे दोन्ही दिवस सुटतात. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं. खिशातल्या वस्तू सांभाळायला बाहेर एक जण ठेवा.

मालोजीराजे आणि विठोजीराजे भोसल्यांचं वेरूळ ते हेच. भोसल्यांच्या गढीचे अवशेष गावातच आहेत आणि लेण्यांसाठी आलेल्या शंभरांतले नव्वद जण त्यांच्या शेजारून निघून जातात. गढीत पाहण्यासारखं उभं फार थोडं आहे, जोती आणि भिंतींच्या रेषा. पण सिंदखेडच्या वाड्याचा दरवाजा काल पाहिलेला असला की या दोन घरांच्या ऐपतीतला फरक न सांगता कळतो. बखरींमध्ये जाधव-भोसल्यांच्या रुसव्याफुगव्यांच्या एवढ्या कथा का आहेत, त्याचं उत्तर या दोन जोत्यांत आहे. मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी मंदिर नव्याने बांधलं. जवळच शिवालय तीर्थ नावाचं पायऱ्यापायऱ्यांचं कुंड आहे. चारी बाजूंनी उतरणाऱ्या पायऱ्या आणि त्यांवर बसवलेली छोटी देवळं. रांगेतून सुटल्यावर तिथे अर्धा तास बसलं की जीव थाऱ्यावर येतो.

तिथून देवगिरी, म्हणजे दौलताबाद, अर्ध्या तासावर. किल्ला वरपर्यंत पाहून यायला तीन तास धरा. दुपारी तीननंतर चढायला लागलात तर वरची बारादरी घाईत उरकावी लागते. हत्ती हौद, चाँद मिनार, चिनी महाल ओळीने येतात, मग तासलेल्या कड्याभोवतीचा खंदक आणि त्यापलीकडे अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. अंधारीत वळणावळणाच्या पायऱ्या उंचसखल आहेत आणि वटवाघळं असतात. मोबाईलचा उजेड समोर धरून चाललात तर पायाखाली अंधार राहतो, पायरी चुकते. उजेड पायाशी मारावा. लहान मूल बरोबर असेल तर त्याचा हात सोडू नये.

हाच तो किल्ला जिथे लखुजीराजे मारले गेले. गंमत अशी की फाटकाशी सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, लोक सीताफळं फोडत हसतखेळत आत जातात. दौलताबादचं सीताफळ गोड खरंच. डोळा उघडलेलं, बोटाने किंचित दबणारं घ्या. कडक घेतलं तर ते पिकेपर्यंत तुम्ही पुण्यात पोहोचलेले असता.

तिसरा दिवस, मंगळवार : शिवनेरी

पहाटे निघालं तर अहिल्यानगर, आळेफाटामार्गे पाच-सहा तासांत जुन्नर. शिवनेरीला गाडी पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत जाते. सात दरवाजे ओलांडत सावकाश चढलं तरी तासाभरात माथा. साखळीची वाट वेगळी आहे. ती कातळातली आहे, पाऊस होऊन गेला असेल किंवा बरोबर नवखे असतील तर तिच्या नादी लागू नये.

पाचवा दरवाजा झाल्यावर मुख्य वाट सोडून उजवीकडे शिवाई देवीचं देऊळ आहे. वर जायच्या घाईत पुष्कळांचं ते राहून जातं आणि उतरताना पाय बोलत असतात. चढतानाच जाऊन या. शिवाजी हे नाव याच देवीवरून ठेवलं.

वडील-भाऊ मारले गेलेले, नवरा निजामशाही आणि मोगलांच्या धामधुमीत, अशा वेळी गरोदर सुनेला ठेवायला भोसल्यांनी शिवनेरी निवडला. तटबंदी हे कारण होतंच, पण किल्लेदार विजयराज हे सोयरे होते. जिजाऊंचे थोरले पुत्र, म्हणजे शिवाजीराजांचे मोठे भाऊ संभाजीराजे, यांचं लग्न त्यांच्या मुलीशी झालेलं. म्हणजे जिजाऊंचं बाळंतपण माहेरी झालं नाही, सासरीही नाही, व्याह्यांकडे झालं. जन्मस्थानाच्या खोलीत पाळण्यापुढे उभं राहताना हे आठवलं तर खोली आणखी लहान वाटते. १९ फेब्रुवारी १६३० हा जन्मदिवस. त्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला, तो १६३२ पर्यंत चालला.

दुष्काळात हा गड माणसं कशी जगवत असेल ते गंगा-जमुना टाक्यांशी कळतं. कातळात खोदलेली, आत झरा असलेली. भर नोव्हेंबरच्या उन्हातही त्यांच्या तोंडाशी गारवा येतो. जन्मस्थानासमोरचा बदामी तलाव मोठा दिसतो, पण जीव टाक्यांत आहे.

जेवायला जुन्नरात मासवडी. नावात मासा, आत बेसनाच्या आवरणात तीळ, खोबरं, लसणाचं सारण, आणि बरोबर झणझणीत रस्सा. दोन भाकऱ्या पुरे होतात, तिसरी मागवू नका. आणि दिवेलागणीनंतर उसाच्या कडेने पायी भटकू नये. हा बिबट्यांचा मुलूख आहे, गावकरी हे गमतीने सांगत नाहीत.

चौथा दिवस, बुधवार : पुणे

पुण्याचं थोडक्यात. जिजाऊंचा लाल महाल आता नाही. शनिवारवाड्याजवळ जो आहे तो महानगरपालिकेने अलीकडच्या काळात बांधलेला. अपेक्षा त्या बेताने ठेवून जा. त्यापेक्षा पाच मिनिटं चालून कसबा गणपतीला जावं. पुणं आदिलशाही फौजेने उजाड केलं होतं, गाढवांचा नांगर फिरवलेला. त्या पडक्या गावात परत माणसं यावीत म्हणून जी कामं झाली त्यांत या देवळाचा समावेश होतो. सकाळी सातच्या आत गेलात तर गाडी लावायला जागा मिळते आणि देवळात शांतपणे बसता येतं. नऊनंतर दोन्ही विसरा.

इथून राजगडाच्या पायथ्याला दोन तास. रात्रीचा मुक्काम गुंजवण्यात किंवा पालीत करावा, पुण्यात करू नये. सकाळचे दोन तास गडावर लाखमोलाचे असतात.

पाचवा दिवस, गुरुवार : राजगड

दोन नेहमीच्या वाटा. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट जवळची, पण शेवटचा टप्पा खडा कातळ, रेलिंग धरून चढायचा. पालीची वाट लांब, पण पायऱ्यांची आणि प्रशस्त. पन्नाशीपुढच्या मंडळींनी निमूट पालीच धरावी. सामान वाहणारी, पालख्या नेणारी माणसंही अशाच वाटेने चढत असणार. दोन्हीकडून अडीच-तीन तास. माणशी तीन लिटर पाणी. दोन लिटर हमखास बालेकिल्ल्याच्या आधी संपतं. संध्याकाळी उतरताना गुडघे कुरकुरतात, त्यासाठी एक काठी.

आम्ही पद्मावती माचीवर पोहोचलो तेव्हा धुकं होतं. तलाव पायाशी येईपर्यंत दिसला नाही. मग वाऱ्याच्या एका झोतात सगळी माची उघडी पडली: पद्मावती तलाव, देवीचं देऊळ, सईबाईंची समाधी, वर वाड्याची आणि सदरेची जोती.

जिजाऊंची थोरवी पाळण्यापाशी सांगतात. ती राजगडावर सांगायला हवी. ५ सप्टेंबर १६५९ ला सईबाई इथे गेल्या, तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे. त्यांना आजीने वाढवलं. दोनच महिन्यांनी १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट. १६६० मध्ये राजे पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकले तेव्हा साठी ओलांडलेल्या आऊसाहेब स्वतः फौज घेऊन निघायला सिद्ध झाल्या होत्या, अशी हकिकत सांगतात. आणि १६६६ मध्ये राजे नऊ वर्षांच्या संभाजीराजांना घेऊन आग्र्याला गेले तेव्हा मागचा कारभार आऊसाहेबांच्या देखरेखीखाली चालला. मुलगा आणि नातू दोघेही शत्रूच्या दारी, आणि इथे रोजची सदर बसत होती. राजे परतेपर्यंत राज्यात फूट पडली नाही. पुढे २४ फेब्रुवारी १६७० ला राजाराम महाराजांचा जन्मही याच गडावर झाला.

बालेकिल्ला करायचाच असेल तर आणखी दीड-दोन तास हाताशी हवेत. चढ उभा आहे, खोबण्यांत पाय ठेवून जायचं. एका वेळी एकानेच चढावं, खालच्याने वरच्याच्या थेट खाली थांबू नये; दगड सुटतो. सुवेळा आणि संजीवनी दोन्ही माच्या एका दिवसात नीट होत नाहीत. एक निवडा. आम्ही सुवेळा निवडली, धुक्यापायी.

माचीवर ताक विकणाऱ्या मावशी पहाटे घडा डोक्यावर घेऊन चढून येतात. आम्हाला तीन तास लागले, त्यांना सव्वा. पिठलं-भाकरीची ऑर्डर चढल्या चढल्या देऊन ठेवावी, दुपारी एकनंतर पीठ संपतं.

२०२५ च्या जुलैत शिवनेरी, राजगड आणि रायगड हे तिन्ही बारा किल्ल्यांच्या यादीतून जागतिक वारसा ठरले. प्लॅस्टिकची रिकामी बाटली खाली परत आणायची, एवढं तरी आपल्याकडून व्हावं.

सहावा दिवस, शुक्रवार : क्षेत्र महाबळेश्वर, आंबेनळी, महाड

राजगडाहून रायगडाकडे जवळची वाट वरंधा घाटाची. आम्ही मुद्दाम वाई-पाचगणीचा वळसा घेतला, एका दिवसासाठी: ६ जानेवारी १६६५. सूर्यग्रहण होतं. क्षेत्र महाबळेश्वरी राजांनी आईची सुवर्णतुला केली, त्यांचे मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांचीही. शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ ला होदिगेरीला शिकारीत घोड्यावरून पडून गेले, तेव्हा आऊसाहेब सती जायला निघाल्या होत्या, राजांनी विनवण्या करून थांबवलं. तुला त्यानंतरचं वर्ष संपता संपता झाली. हे माहीत असलं की तराजूच्या दुसऱ्या पारड्यात सोन्याखेरीज काय होतं ते कळतं.

बाजारपेठेचं महाबळेश्वर वेगळं आणि क्षेत्र वेगळं, सहाएक किलोमीटर पुढे. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडत असतं. मागे कृष्णाबाईचं देऊळ, काळ्या दगडाचं, तिथे माणूस क्वचितच असतो.

दुपारी आंबेनळी घाटाने पोलादपूर, मग महाड. पावसाळ्यात वरंधा आणि आंबेनळी दोन्हीकडे दरडी कोसळतात. जून ते सप्टेंबर निघण्याच्या दिवशी चौकशी केल्याशिवाय या घाटांत शिरू नये. घाट उतरला की हवा एकदम दमट होते, स्वेटर वाईलाच बॅगेत गेलेलं बरं. मुक्काम पाचाडात.

सातवा दिवस, शनिवार : पाचाड आणि रायगड

शनिवार असल्यामुळे सकाळी आठलाच हिरकणीवाडीत रोपवेची रांग लागलेली. पायऱ्यांनी जाणाऱ्यांनी सहाला सुटावं, चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत आणि नऊनंतर कातळ तापतो. आम्ही रायगड आधी उरकला, पण त्याचं वर्णन इथे करत नाही. या प्रवासाचा शेवट गडाच्या पायथ्याशी आहे.

वरचा गार वारा आऊसाहेबांना मानवेना म्हणून राजांनी पाचाडला वाडा बांधून दिला. तटबुरुजांचा चौकोनी कोट, आत जोती. माहेरचं, सासरचं, व्याह्यांचं, जहागिरीचं, लेकाच्या गडावरचं अशी घरं राहून झाल्यावर, त्यांची सोय पाहून, त्यांच्यासाठी म्हणून बांधलेलं हे घर. वाडा रस्त्यालगत असूनही शनिवारच्या त्या गर्दीत आत आमच्याखेरीज चार माणसं होती. गाड्या थेट रोपवेकडे जातात.

६ जून १६७४ ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, वर राज्याभिषेक झाला. १७ जूनला, ज्येष्ठ वद्य नवमीला, आऊसाहेब पाचाडात गेल्या. मध्ये अकरा दिवस. समाधी गावातच, झाडांच्या सावलीत आहे. तिथे उभं राहून मान वर केली की रायगडाचा कडा समोर येतो.

राज्याभिषेक दिनाच्या आसपास इथे यायचं तर मुक्काम महिना आधी ठरवावा. तारखेचा आणि तिथीचा असे दोन सोहळे होतात, दोन्ही वेळा महाडपासूनच गाड्या अडकतात. त्यातून पावसाची सुरुवात. समाधी निवांत पाहायची तर नोव्हेंबर-डिसेंबरातला साधा वार, दुपारी चारनंतर.

जेवलो एका घरगुती खाणावळीत: तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकट. वाढणाऱ्या आजींना विचारलं, वाड्यात काय चुकवू नये? त्या म्हणाल्या, "वाड्यात काय, भिंती हायेत. विहीर बघा. तक्क्याची."

कोटातल्या पायऱ्यांच्या विहिरीला हे नाव आहे. काठावर बसण्यासाठी दगडी बैठक आणि तिला पाठ टेकायला दगडाचाच तक्क्या. राजे पाचाडला आले की इथे बसत आणि पाण्याला आलेल्या बायकांशी, वाटसरूंशी बोलत, असं गाव सांगतं. बैठकीवर चढून फोटो काढू नयेत, दगडाच्या सांध्यांत गवताची मुळं गेली आहेत आणि काठ सैल आहे. पायऱ्या उंच, शेवटच्या ओल्या. आम्ही वरूनच डोकावलो. सिंदखेडच्या बारवेत होतं तसंच हिरवट, स्थिर पाणी. विहिरीपलीकडच्या गवतात कुणाची तरी म्हैस चरत होती.